दोब्रिलाने आत घेतलेली बोट

युगो सुटला की आमच्या सुतमारा गावात कोणी कोणाशी धड बोलत नाही. दक्षिणेचा तो ओला, कोमट वारा तीन-तीन दिवस थांबत नाही. भिंतींना घाम फुटतो, मिठाला पाणी सुटतं, आणि ज्यांचं डोकं दुखत नसतं त्यांचं इतरांची कुरकुर ऐकून दुखायला लागतं. त्या सप्टेंबरात युगोचा तिसरा दिवस होता आणि दोब्रिला सकाळी सहापासून बंदराच्या धक्क्यावर उभी होती. तीस बोटींच्या जागेत त्रेचाळीस बोटी आसऱ्याला येऊन बसल्या होत्या. जर्मन, इटालियन, स्लोव्हेन, सगळ्यांच्या खासगी शिडाच्या बोटी एकमेकींच्या अंगावर रेलून कुरकुरत होत्या. त्यांतल्या प्रत्येकीचा दोर तिनं स्वतःच्या हातानं झेलून बांधला होता.

दोब्रिला तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. अंगानं आडवी, आवाजानं त्याहून. अठराव्या वर्षी ती इथल्या सार्डीनच्या कारखान्यात लागली आणि बावीस वर्षं मासोळ्यांची डोकी उडवून त्यांना डब्यात निजवत राहिली. नवरा मालवाहू जहाजांवर होता. एका फेरीला गेला तो चिलीच्या किनाऱ्यावर उतरला आणि तिथलाच झाला. मुलगी झाग्रेबला. कारखाना बंद पडला तेव्हा बायका दोन दिवस फाटकाशी बसून रडल्या. तिसऱ्या दिवशी दोब्रिला बंदराच्या कचेरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "धक्क्यावर दोर घ्यायला माणूस हवाय ना? मी आहे."

सगळं गाव हसलं. सगळ्यांत मोठ्यानं बार्बा फ्राने हसला. समुद्रावर केस पिकलेल्या माणसाला आमच्याकडे बार्बा म्हणतात, आणि फ्रानेचे तर भुवयांचेसुद्धा पिकले होते.

"काय गं, आता बोटीपण तेलात घालून डब्यात भरणार का?"

"तुझी आधी भरते. वास तर कधीचाच सुटलाय तिला."

तेव्हापासून सतरा वर्षं त्यांचं बोलणं ह्याच चालीवर चाललं होतं.

त्या सतरा वर्षांत दोब्रिला बोटींपेक्षा बोटीवरची माणसं जास्त शिकली. बोट धक्क्याला लागते तेव्हा नवरा सुकाणूवर असतो आणि बायको पुढच्या टोकाला, हातात दोर घेऊन. नवरा मागून ओरडतो, "आता! आत्ता नाही! टाक ना!" बायको टाकते, दोर पाण्यात पडतो, आणि त्या दोघांचं रात्रीचं जेवण मुकाट्यानं होतं. दोब्रिलानं अशी शेकडो जोडपी पाहिली होती. सुकाणू बायकोच्या हातात आणि नवरा दोर टाकायला, असं तिनं दोनदा का तीनदाच पाहिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी कचेरीतला वायरलेस खरखरला.

कचेरीत बंदराचा व्यवस्थापक निक्शा होता. पस्तिशीचा, दोब्रिलाच्या मावसबहिणीचा मुलगा. तो हवामानाचा कागद वाचत होता. दोब्रिला ओला कोट झटकत नुकतीच आत आली होती.

आवाज बाईचा होता. चेक भाषेत बोलत होती. चेक आणि आमची भाषा म्हणजे चुलत बहिणी. निम्मं कळतं, निम्मं कळल्यासारखं वाटतं. बाई हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. असं बोलणं दोब्रिलाला माहीत होतं. अंगाचा थरकाप आवाजात येऊ नये म्हणून माणूस असं बोलतं.

"सुतमारा बंदर. मी लिबुशे. आम्ही दोघं. नवरा पडला. शिडाचा दांडा डोक्यात बसला. रक्त आहे. मी एकटी आहे. मला बोट चालवता येत नाही."

निक्शानं वायरलेस उचलला. "कुठे आहात तुम्ही?"

"मला तुमचा दिवा दिसतो. लाल."

निक्शानं खिडकीतून पाहिलं. बंदराच्या लांब बांधाच्या टोकाला लाल दिवा, आणि त्याच्या पलीकडे पांढरा फेस. फेसात काही दिसत नव्हतं. त्यानं किनारा-रक्षकांना फोन लावला. स्प्लिट शहराहून बोट निघेल, पण ह्या लाटांत यायला दोन तास तरी लागतील, असं उत्तर आलं.

"बाई," निक्शा वायरलेसवर म्हणाला, "बाहेरच थांबा. बंदर भरलंय. मदत येतेय. दोन तास."

पलीकडे लाट आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "दोन तास?"

तेवढंच. दोब्रिलानं निक्शाच्या हातातून वायरलेस काढून घेतला, पण बटण दाबलं नाही.

"दोन तास ती टिकेल असं वाटतं तुला?"

"मावशी, आत त्रेचाळीस बोटी आहेत. बोटीवर माणसं आहेत, पोरं आहेत. बोट चालवता न येणारी बाई वाऱ्याच्या जोरानं आत शिरली आणि त्यांच्यावर जाऊन आदळली तर?"

"तर आदळेल. बाहेर राहिली तर म्हातारीवर आदळेल."

म्हातारी म्हणजे बंदराच्या तोंडाशी, आत येताना उजव्या हाताला असलेला खडक. युगोत तो अर्धा पाण्याखाली असतो. डावीकडे बांधाचं टोक, उजवीकडे म्हातारी, मध्ये चाळीस मीटरांची वाट.

"पण घेणार कुठे तिला? जागा दाखव मला. एक जागा दाखव!" निक्शाचा आवाज चढला. तो भित्रा नव्हता, आणि त्याचं म्हणणंही चूक नव्हतं. दोब्रिलाला ते कळत होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला.

"कारखान्याच्या धक्क्याला."

"तो बंद आहे! कुंपण आहे, कुलूप आहे. पाण्यात सळया आलेल्यात बाहेर."

"दोर बांधायच्या पहिल्या दोन खुंट्यांपाशी आलेल्यात. तिसरी ते पाचवी साफ आहे, आणि खोलीही आहे. बावीस वर्षं तिथं मासळी उतरवलीय मी. तू शाळेत जात होतास."

"आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"वायरलेस कोणाच्या हातात आहे?" असं म्हणून तिनं बटण दाबलं. "लिबुशे, मी दोब्रिला. तुला आत घेते. मी सांगेन तेवढंच करायचं. मी बांधाच्या टोकाला येतेय."

ती बाहेर पडली. दारात बार्बा फ्राने उभा होता. वायरलेसचं बोलणं त्याच्या बोटीवरही ऐकू आलं होतं.

"वेडी झालीस का? ह्या वाऱ्यात मीसुद्धा कोणाला आत बोलावलं नसतं."

"म्हणून तर तुला विचारलं नाही. तुझं ते लाकडी खोकं चालू होतं का अजून?"

"तुझ्याआधी चालू होतं."

"मग ते घेऊन बांधाच्या आत थांब. बोट दुसऱ्या बोटींकडे ढळली तर नाकानं ढकलून इकडे लाव."

फ्राने वळला आणि चालू लागला. पंचाहत्तरीचा माणूस, पण पावलं मोजून टाकत नव्हता.

बांधाची लांबी दोनशे मीटर. लाटा बांधावर आपटून पलीकडे उडत होत्या. दोब्रिला भिंतीच्या कडेनं वाकून चालत टोकाला पोचली आणि दिव्याच्या लोखंडी खांबाला एका हातानं कवटाळून उभी राहिली. दुसऱ्या हातात वायरलेस. डोळ्यांत मीठ गेलं होतं. आधी काही दिसलं नाही, मग एका लाटेच्या माथ्यावर डोलकाठी दिसली आणि पुन्हा गेली. दहा मीटरांची बोट असेल. शीड अर्धवट उतरून गुंडाळलं होतं आणि एक कोपरा फडफडत होता. सुकाणूवर पिवळ्या कोटातली बाई, पाय फाकवून.

"दिसलीस मला. इंजिन चालू आहे?"

"चालू आहे."

"छान. हळू. नवरा कुठे आहे?"

"खाली. बोलतोय. मला सांगतोय, असं कर, तसं कर. मध्येच झोपतो."

"त्याला म्हणावं, तू आता गप्प पड. आणि दार लावून घे."

खरखरीतून आलेला आवाज कदाचित हसण्याचा असेल. मग ती म्हणाली, "लावलं."

बोट जवळ येत होती. वारा पाठीमागून, लाटा पाठीमागून. दर लाटेला मागचं टोक उचललं जायचं, बोट तिरकी व्हायची, बाई सुकाणू फिरवायची, पुन्हा सरळ. न शिकलेल्या माणसाच्या मानानं ती चांगलं करत होती. दोब्रिलानं अंतर डोळ्यांनी मापलं. शंभर मीटर. बोटीचं नाक वाटेच्या बरोबर मध्यावर होतं. आता काही करायचं नव्हतं, फक्त तसंच सरळ यायचं होतं.

"सरळ!" ती वायरलेसवर ओरडली. आमच्या भाषेत सरळला 'प्राव्हो' म्हणतात. "प्राव्हो, लिबुशे! प्राव्हो!"

आणि बोटीचं नाक उजवीकडे वळलं.

दोब्रिलाला वाटलं लाटेनं ढकललं असेल. ती आणखी जोरात ओरडली, "प्राव्हो! प्राव्हो!" नाक आणखी उजवीकडे गेलं. बाई सुकाणू जोर लावून फिरवताना स्पष्ट दिसत होती. समोर म्हातारीवरून पाणी ओघळलं, काळी पाठ वर आली आणि पुन्हा बुडाली.

दोब्रिला खांब धरून पुढे झुकली. कसं काय, का, ही अशी का वळतेय? आणि तेवढ्यात, कसं कोण जाणे, तिला तीन उन्हाळ्यांपूर्वीचा एक चेक गृहस्थ आठवला. त्यानं बेकरी विचारली होती, तिनं "प्राव्हो" सांगितलं होतं, आणि तो मुकाट्यानं उजवीकडच्या बोळात शिरून तिथल्या पेरिनाबाईच्या कोंबड्यांत जाऊन उभा राहिला होता. आठवडाभर गाव हसलं होतं. त्यांच्या भाषेत प्राव्हो म्हणजे उजवीकडे.

"लियेव्हो!" ती किंचाळली. डावा हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. "लियेव्हो! लियेव्हो, लियेव्हो!"

पिवळा कोट सुकाणूवर आडवा झाला. बोट क्षणभर जागीच डळमळली. लाट आली, मागचं टोक उचललं गेलं, आणि बोट उजव्या कुशीवर कलली ती इतकी की दोब्रिलाला तिचा शेवाळलेला तळ दिसला. मग नाक वळलं. म्हातारी आणि बोट ह्यांच्यामध्ये एखाद्या खोलीएवढं पाणी राहिलं असेल. ते पाणी उकळत होतं. बोट त्याच्या कडेनं सटकून आत आली.

"आता रावनो," दोब्रिला म्हणाली. सरळचा हा दुसरा शब्द चेकलाही जवळचा होता. तिचा आवाज फुटला होता. "रावनो, पोरी. रावनो."

पोरी म्हणाली खरं, पण बाई साठीची होती हे बोट दहा हातांवरून गेली तेव्हा दिसलं. तिनं दोब्रिलाकडे पाहिलं नाही. तिची नजर पुढे खिळली होती.

दोब्रिला बांधावरून धावत सुटली. एरवी ती कधी धावत नसे. आत लाटा कमी होत्या, पण वारा तोच होता, आणि बोट फार वेगात चालली होती. बांधाच्या मुळाशी कारखान्याचा धक्का. त्याच्या कुंपणाचं फाटक उघडं होतं. निक्शा कुलूप तोडून आत उभा होता. त्याच्या हातात लोखंड कापायची मोठी कात्री होती आणि गळ्यात बोट घासू नये म्हणून लावायचे दोन रबरी फुगे लटकत होते. कचेरीत मघाशी तो जे बोलला त्याचा दोघांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

"कुठली खुंटी?" तो ओरडला.

"चौथी! चौथीपाशी उभा राहा!"

बोट ढळायला लागली. वारा तिला पलीकडच्या बोटींच्या रांगेकडे ओढत होता. तिथे लोक डेकवर येऊन ओरडत होते, हातांनी नको नको करत होते. तेवढ्यात फ्रानेची लाकडी होडी फटफटत मध्ये शिरली, तिनं यॉटच्या बरगडीला नाक लावलं, आणि इंजिनानं काळा धूर सोडला. फ्राने उभा राहून शिव्या देत होता. वाऱ्याला, चेक लोकांना, दोब्रिलाला, सगळ्यांना मिळून. यॉटचं नाक हळूहळू धक्क्याकडे वळलं.

"मागे!" दोब्रिला धक्क्यावर पोचली होती, आता हात दिसत होते. तिनं दोन्ही हात छातीकडे ओढून दाखवलं. "इंजिनाचा दांडा मागे! पूर्ण मागे!"

लिबुशे दांड्याकडे पाहत राहिली. चौतीस वर्षं ती त्या बोटीवर येत होती, आणि तो दांडा तिनं कधी हातात धरला नव्हता. मग तिनं दोन्ही हातांनी तो ओढला. इंजिन गुरगुरलं, पाणी घुसळलं, तरी बोट आली ती धक्क्यावर घासतच आली. कर्रकन आवाज झाला. निक्शानं फुगा मध्ये सारला, फुगा फुटला.

"दोर!"

हे मात्र लिबुशेला येत होतं. सुकाणू सोडून ती पुढे धावली आणि तिनं दोर टाकला. पहिल्याच फेकीला दोब्रिलाच्या छातीवर. दोब्रिलानं खुंटीला दोन वेढे दिले. बोटीचं सगळं वजन दोरावर आलं, दोर तिच्या तळव्यातून सरकला आणि कातडं घेऊन गेला, पण तिनं सोडला नाही. बोट थांबली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दमले होते. डॉक्टरीणबाई येईपर्यंत निक्शा खाली उतरून जखमीपाशी बसला. ओटाकार नावाचा तो माणूस शुद्धीत होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "कोणी चालवली?" संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं आणि त्याला स्प्लिटच्या इस्पितळात घेऊन गेलं. कवटीला चीर गेली होती. तो वाचला, उजव्या कानानं ऐकू येणं मात्र गेलं.

पुढचे बारा दिवस बोट कारखान्याच्या धक्क्यालाच राहिली. लिबुशे रोज फेरीबोटीनं इस्पितळात जायची, संध्याकाळी परत यायची आणि दोब्रिलाच्या स्वयंपाकघरात बसायची. दोब्रिलाच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, त्यामुळे भाजी चिरायचं काम लिबुशेकडे. पहिल्या संध्याकाळी दोब्रिलानं घरच्या खारवलेल्या सार्डीन, उकडलेले बटाटे आणि पालेभाजी वाढली. लिबुशेनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "उझास्ने!"

दोब्रिलाचा चेहरा पडला. आमच्याकडे ह्या शब्दाचा अर्थ भयंकर.

दारात टेकलेला फ्राने हसून हसून खोकायला लागला. "बावीस वर्षं डबे भरले, तरी मीठ कळलं नाही बाईला!"

"नाही, नाही!" लिबुशे घाबरली. बोटांचं चुंबन घेऊन दाखवलं. "चांगलं! फार चांगलं!"

गाव दोब्रिलाचं कौतुक करत होतं. दुकानात, चर्चबाहेर, जो भेटेल तो तिच्या पट्ट्यांकडे पाहून मान हलवायचा. बंद धक्का विनापरवाना उघडल्याबद्दल वरून समजपत्र आलं. ते निक्शानं स्वतःच्या नावावर घेतलं. दोब्रिलाला ह्यातलं काही गोड लागत नव्हतं. सुकाणू फिरवणारा तो पिवळा कोट डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तो तिच्या शब्दानं फिरला होता. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. वायरलेसवर ज्यांनी ऐकलं त्यांनीही 'प्राव्हो' म्हणजे सरळ असंच ऐकलं होतं, आणि बाईचा हात घसरला असंच सगळे धरून चालले होते.

सहाव्या की सातव्या संध्याकाळी तिच्यानं राहवलं नाही.

"लिबुशे, तुला खडकाकडे मी पाठवलं. मला सरळ म्हणायचं होतं. चूक माझी होती."

लिबुशेनं सुरी खाली ठेवली. "मला माहीत आहे. शब्द मला नंतर कळला."

"मग बोलली का नाहीस?"

लिबुशेनं हात पुसले. शब्द शोधत होती, की धीर, कोण जाणे. "खडक मला दिसत होता, दोब्रिला. पांढरं पाणी दिसत होतं. तू उजवीकडे म्हणालीस, मी उजवीकडे वळवलं. बोटीवर मला कोणी सांगितलं की मी तसंच करते. चौतीस वर्षं." तिनं कांदा पुढे ओढला. "त्याची मला जास्त भीती वाटते."

 दोब्रिलानं पट्टी बांधलेला हात तिच्या मनगटावर ठेवला, आणि कांदा दोघींच्याही डोळ्यांना लागला असं दोघींनी मानून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. इस्पितळाची फेरीबोट दुपारची होती. सकाळी दोब्रिला कारखान्याच्या धक्क्यावर गेली आणि म्हणाली, "चल, सोड दोर." त्या दिवसापासून रोज सकाळी तासभर लिबुशे बोट सोडायची, बंदरात एक फेरी मारायची आणि पुन्हा तिसऱ्या ते पाचव्या खुंटीत आणून लावायची. दोब्रिला धक्क्यावर उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. हेच सगळ्यांत कठीण होतं. फ्राने शेजारी उलट्या खोक्यावर बसून मोठ्यानं गुण द्यायचा. दहापैकी दोन, दहापैकी तीन. एका सकाळी बोट एवढ्या जोरात आपटली की त्याचं कॉफीचं भांडं उलटलं. त्या दिवशी शून्य.

तेराव्या दिवशी ओटाकारचा भाऊ प्रागहून आला, बोट उत्तरेला पुला शहराच्या बंदरात पोचवायला. उंच, बडबड्या माणूस. बोटीवर चढल्या चढल्या त्यानं सुकाणूवर हात ठेवला आणि लिबुशेला पुढच्या दोराकडे बोट दाखवलं. लिबुशे उभी राहिली. दोब्रिला धक्क्यावरून पाहत होती. लिबुशे त्याला काहीतरी म्हणाली, हळू आवाजात, चेकमध्ये; दोब्रिलाला शब्द कळले नाहीत. भाऊ हसला, खांदे उडवले, आणि पुढे जाऊन दोरापाशी बसला.

बोट बाहेर पडली. म्हातारी आता डाव्या हाताला, कोरडी ठणठणीत, पाठीवर दोन समुद्रपक्षी. लिबुशेनं तिच्यापासून गरजेपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवलं.

"सात," फ्राने म्हणाला.

"आठ," दोब्रिला म्हणाली, आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक इटालियन बोट भोंगा वाजवत होती, तिकडे चालू लागली.